मृगाच्या बाणाजवळचा बालतारा



थंडीतल्या रात्री ठाण्यातल्या टेंभी नाक्यावरून वर पाहिलं, तर एवढ्या दिव्यांच्या झगमगाटातही मृग नक्षत्र ओळखता येतं. त्याच्या पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण तर चटकन सापडतो. या बाणाजवळच, जानेवारी 2004 मध्ये, अमेरिकेतले हौशी आकाशनिरीक्षक जे मॅक्नील यांना तीन इंची दुर्बिणीतून एक नवा तेजोमेघ दिसला. त्याच्या टोकाशी सुमारे 1300 प्रकाशवर्षांवरचा एक बालतारा अचानक उजळला होता. व्ही 1647 ओरायनिस हे त्याचं नाव. दोनएक वर्षांत तो मंदावला आणि 2008 मध्ये पुन्हा भडकला.

असं का होतं? नवजात ताऱ्याभोवती वायू आणि धुळीची तबकडी फिरत असते. तिच्यातला माल ताऱ्यावर संथपणे पडत राहतो. पण मध्येच तो साठतो आणि एकदम कोसळतो. त्या वेळी तारा उजळतो.

हे सारं धुळीआड घडतं. दृश्य प्रकाश तिथे अडतो. अवरक्त किरण मात्र बरेचसे पार होतात. शिवाय तापलेली धूळ स्वतःच अवरक्तात चमकते. तापलेली इस्त्री अंधारात दिसत नाही, पण जवळ नेलेल्या हाताला तिची धग कळते, तसंच हे. ताऱ्यालगतची हजारभर अंशांची धूळ दोन मायक्रॉनच्या आसपास उजळ दिसते, तर दूरची थंड धूळ त्याहून कितीतरी लांब तरंगांवर. त्यामुळे तरंगलांबी बदलली की तबकडीचा निराळा पट्टा समोर येतो.

हवेतली वाफ यातले बरेच अवरक्त किरण गिळते. म्हणून लडाखमधल्या हानलेची 4500 मीटर उंचीवरची कोरडी हवा मोलाची. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या खगोलशास्त्रज्ञांनी हानलेची आणि पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेची गिरवली इथली, अशा दोन मीटरच्या दुर्बिणींतून 2008 ते 2013 या काळात या ताऱ्यावर नजर ठेवली. ताऱ्यावर माल कोसळत असतानाच तिथून वायूचे झोतही बाहेर सुटत होते आणि त्यांचा जोर कमीजास्त होत होता, हे त्यांना वर्णपटात दिसलं.

साडेचार अब्ज वर्षांपूर्वी आपली पृथ्वीही अशाच तबकडीतून घडली. ती घडण समजून घ्यायची, तर एका रात्रीचं निरीक्षण पुरत नाही. वर्षानुवर्षं त्याच ताऱ्याकडे परतावं लागतं. त्यासाठी स्वतःच्या दुर्बिणी हव्यात आणि चिकाटीने पाहणारी तरुण मंडळीही. ती ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या शाळांतूनही पुढे यावी, हीच माझी मनापासूनची इच्छा.