रंग आणि कृपा



कामगार चळवळीतल्या माणसाला व्याख्यानाला बोलावले, म्हणजे तो पगार आणि बोनस यांवर बोलणार, अशी आपली समजूत असणार. आज मी रंगांविषयी बोलणार आहे, तेही देवाने दिलेल्या रंगांविषयी. माझा अधिकार पोथ्यांचा नाही. कापडाच्या रंगखात्यात काढलेल्या वर्षांचा आहे.

तिथे मी शिकलो, की रंगाला किंमत असते. कापडाची खळ काढावी लागते, रंगाचे पाणी तापवावे लागते, मीठ आणि सोडा मापून घालावा लागतो. एवढे करून छटा जुळली नाही, तर माल परत येतो. आणि उरलेले पाणी? ते मागच्या ओढ्यात जाई. आज खात्यात कोणता रंग चालू आहे, हे ओढ्याकडे पाहून कळे. त्या पाण्याला गुरे तोंड लावीत नसत.

एका फाल्गुनात बारा तासांची रात्रपाळी संपवून मी सायकलीवरून घरी निघालो होतो. माळावर पळस फुलला होता. अंगावर पान नाही आणि सारे झाड निखाऱ्यासारखे! साळुंक्यांची गर्दी उसळली होती. मी खाली उतरलो. पहिला विचार आला तो कामगाराचाच : एवढ्या रंगाची मजुरी कोणी दिली? दुसरा विचार अधिक बोचला. हे झाड वर्षानुवर्षे माझ्याच वाटेवर होते. मग मला आजवर दिसले कसे नाही? कारण उघड होते. डोळ्यांत झोप होती आणि मान खाली होती.

कोणी म्हणेल, हा रंग पाखरांना बोलावण्यासाठी असतो. ती मध पितात, पराग नेतात आणि झाडाला बी धरते. अगदी खरे. मी ते नाकारीत नाही. पण ते फूल माझ्यासाठी नव्हते, तरी मला मिळाले. मी मागितले नव्हते, कमावले नव्हते. जे कमाईवाचून मिळते, त्यालाच मी कृपा म्हणतो. शिवाय या रंगखात्याचे सांडपाणी नाही. गळलेली फुले मातीत मिसळतात. उकळली तर होळीचा रंग देतात.

अरणच्या सावता माळ्यांना विठोबा मळ्यातच भेटला, असे आपण मानतो. पण ज्याचा दिवस भोंग्याने सुरू होतो आणि भोंग्याने संपतो, त्याने मळा पाहावा केव्हा? कृपा सर्वांवर आहे. ती पाहायला सवड मात्र झगडून मिळवावी लागते. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नाने 1890 साली मुंबईच्या गिरणीकामगाराला रविवारची सुटी मिळाली. रविवार हा खंडोबाचा वार. त्या दिवशी भंडाऱ्याचा पिवळा रंग कपाळी लावायला कामगाराचे हात मोकळे झाले. याला मी धर्मकार्यच समजतो.

सध्या बहावा फुलला आहे. उद्या सकाळी तो जरूर पाहा. त्याच वाटेने कोणी रात्रपाळीचा माणूस मान खाली घालून येत असेल, तर त्याच्याकडेही पाहा. त्याला सवड मिळावी आणि आपल्या ओढ्यातून पाण्याच्याच रंगाचे पाणी वाहावे, एवढे आपण केले, तर देवाच्या रंगांचे थोडे ऋण फिटेल.