पाण्याचा रंग

गेल्या आषाढात वस्तीतली पोरे घेऊन मी लोणावळ्याहून राजमाचीच्या वाटेला लागलो. सोबत बोरघाटात हयात घालवलेले एक निवृत्त गँगमन होते. पाऊस, रान, धबधबे! पोरे नाचू लागली. मामा मात्र पाण्याचा रंग न्याहाळीत होते. म्हणाले, “भाऊ, पांढरं आहे तोवर भिजा. एकाएकी गढूळ झालं, की डोंगर सुटला समजा.” पुढे एक ओहोळ तांबडा झालेला दिसला. आम्ही मुकाट्याने माघारी फिरलो.

१८६३ साली हा लोहमार्ग सुरू झाला, तो हजारो मजुरांचे बळी घेऊन. आपण खिडकीतून धबधबे पाहतो, तेव्हा रुळांवर कुणी गस्तवाला भिजत असतो. त्याचे शहाणपण पुस्तकात नाही. ते त्याच्याकडूनच शिकले पाहिजे.