मनाचें दुखणें आणि गांवचा दवाखाना

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त पिंपरी पेंढार येथें दिलेलें भाषण)



महोत्सवाचे दिवस हे उपकारस्तुतीचे दिवस. आपल्या वाडवडिलांनीं आपल्यासाठीं काय केलें ह्याचें स्मरण ह्या दिवसांत करावें, आणि येणाऱ्या पिढीसाठीं आपण काय करणार ह्याचाही विचार करावा. म्हणून आज आम्ही आपणांपुढें असा एक विषय मांडीत आहों, कीं जो पुष्कळ घरांत आहे, परंतु ज्याचें नांव घेण्यास आपण लाजतों. तो विषय म्हणजे मनाचें दुखणें.

ताप आला, हाड मोडलें, विंचू चावला, तर मनुष्य तत्काळ दवाखान्याची वाट धरितो. परंतु झोंप उडाली, अन्न गोड लागेना, कामांत हात चालेना, जगणें नकोसें वाटूं लागलें, तर तो कोणासही सांगत नाहीं. सांगितलेंच, तर कोणी म्हणतें, "अंगांत आळस भरला आहे." कोणी त्यास देवऋष्याकडे नेतें. आपल्यांतील कांहीं भाविक जन म्हणतात, "ह्याची श्रद्धा कमी पडली." ह्या तिन्ही उपायांनीं दुखणें बरें होत नाहीं, दुखणाईत मात्र अधिक एकटा पडतो.

श्रद्धेविषयीं आधीं बोलूं. गेथशेमनी बागेंत प्रत्यक्ष प्रभूचें अंतःकरण दुःखानें व्याकूळ झालें, आणि त्यानें आपल्या सोबत्यांस जवळ थांबण्याची विनंती केली. मनाची व्यथा हें पाप असतें, तर ही गोष्ट शुभवर्तमानांत लिहिली गेली नसती. ख्रिस्तसभेची शिकवणही ह्या बाबतींत अधिक स्पष्ट होत गेली आहे. १९१७ सालच्या धर्मनियमसंहितेंत, जाणूनबुजून आत्मघात करणाऱ्यानें मरणापूर्वीं पश्चात्तापाचें चिन्ह दाखविलें नसल्यास त्यास ख्रिस्ती दफनविधि नाकारला जात असे. १९८३ सालच्या संहितेंत तो नियम राहिला नाहीं. १९९२ सालच्या धर्मशिक्षणग्रंथानें तर असें शिकविलें, कीं मनाचा गंभीर विकार, तीव्र यातना अथवा भय ह्यांमुळें मनुष्याची जबाबदारी कमी होऊं शकते, आणि अशा जीवाच्या तारणाविषयीं आपण निराश होऊं नये. देशाचा कायदाही त्याच दिशेनें वळला. २०१७ सालच्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानें, आत्मघाताचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र ताणाखालीं होता असें गृहीत धरून त्याची शुश्रूषा करण्याचें कर्तव्य सरकारवर सोंपविलें आहे.

आतां प्रश्न असा, कीं ही शुश्रूषा मिळावी कोठें? येरवड्याचें मनोरुग्णालय आहे; परंतु येथून पुण्यास जाऊन येण्यांत सबंध दिवस व त्या दिवसाची मजुरी जाते. शिवाय "येरवड्यास नेलें" हे दोन शब्द गांवांत पसरले, कीं घरांतील मुलीच्या सोयरिकीची चिंता लागते. म्हणून लोक जात नाहींत. उलट प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रांगेंत कोणीही उभें राहावें. कोण कशासाठीं आलें हें कोणी विचारीत नाहीं. मनाचा रोगी त्या रांगेंत आजही उभा असतोच. तो डोकेदुखी सांगतो, अशक्तपणा सांगतो, छातींत धडधडतें असें सांगतो, गोळ्या घेऊन परत जातो. रोगी दारांत आला आहे. त्याचें म्हणणें ऐकणारें मात्र तेथें कोणी असत नाहीं.

असें माणूस तेथें बसविलें तर काय होतें, हें गोव्यांत पाहण्यांत आलें आहे. तेथें १९९६ सालीं डॉ. विक्रम पटेल व त्यांचे सहकारी ह्यांनीं 'संगाथ' ही संस्था स्थापिली. पुढें १२ सरकारी केंद्रें व १२ खासगी दवाखाने अशा २४ ठिकाणीं एक मोठा प्रयोग झाला, आणि त्याचा वृत्तांत २०१० सालीं 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. निम्म्या ठिकाणीं स्थानिक माणसांस शिकवून समुपदेशक म्हणून नेमिलें होतें; हीं माणसें डॉक्टर नव्हतीं. सरकारी केंद्रांपैकीं जेथें समुपदेशक होते, तेथें सहा महिन्यांनीं शंभर रोग्यांत सुमारें ६६ बरे झाले. जेथें नव्हते, तेथें सुमारें ४३. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक पडला नाहीं. म्हणजे ज्या केंद्रांत गरीब मनुष्य जातो, तेथेंच ह्या मदतीचा गुण आला. २०१७ सालीं आणखी एक वृत्तांत आला. १० केंद्रांतील ४९५ जण नैराश्यानें बरेच ग्रासलेले होते. सहा ते आठ भेटींच्या समुपदेशनानें तीन महिन्यांत शंभरांपैकीं ६४ जणांचें नैराश्य ओसरलें. एरवींच्या उपचारानें ३९ जणांचें. दारूच्या आहारीं जाऊं लागलेल्या ३७७ पुरुषांवरही असाच प्रयोग झाला. तेथें आंकडे शंभरांत ३६ व २६ असे होते. दारूचें जाळें सोडविणें अधिक कठीण, हें त्यावरून दिसतें. तरी शंभरांत दहा संसार वांचले, तर तें थोडें नव्हे.

आपल्या महाराष्ट्रांत अमरावती जिल्ह्याच्या ३० गांवांत अशाच कार्यामुळें, नैराश्यानें पीडलेल्यांपैकीं मदत मागणाऱ्यांचें प्रमाण शंभरांत ४ वरून २७ वर गेलें. दूर आफ्रिकेंत, झिंबाब्वेच्या हरारे शहरीं, डॉ. डिक्सन चिबांडा ह्यांनीं २००६ सालीं १४ आजीबाईंस शिकवून दवाखान्याच्या आवारांतील बांकावर बसविलें, आणि पुष्कळांस त्यांचा आधार झाला.

हे समुपदेशक करितात तरी काय? ते गेल्या पंधरवड्यांतील झोंप, भूक, उत्साह, जगण्याची इच्छा ह्यांविषयीं ठराविक प्रश्न विचारितात, आणि उत्तरांवरून दुखण्याचा जोर ओळखितात. मग रोग्याच्या सुटलेल्या कामांपैकीं एक लहानसें काम तो पुन्हां धरील असें पाहतात: सकाळीं गोठ्यापर्यंत जाणें, शेजारणीकडे घटकाभर बसणें. कर्ज, भाऊबंदकी, नवऱ्याचें व्यसन अशा अडचणींची यादी करून, एका वेळीं एकच हातीं घेतात. पुढील आठवड्यांत काय झालें तें पुन्हां विचारितात. ह्यांत गूढ कांहीं नाहीं. परंतु त्यास शिक्षण लागतें, आणि वरचेवर तपासणी लागते. गोव्यांत समुपदेशक आपल्या भेटींचें ध्वनिमुद्रण एकमेकांस ऐकवून चुका सुधारीत. भ्रम, भास अथवा उन्माद असलेल्या रोग्यास मात्र मनोविकारतज्ज्ञाची व औषधांचीच गरज असते. त्यास त्यांच्याकडे पोंचविणें, हेंही समुपदेशकाचेंच काम.

कोणी विचारील, "पापनिवेदन असतां हें कशास?" पापनिवेदनांत पापाची क्षमा मिळते. परंतु बाळंतपणानंतर जी माउली कारणावांचून रडते, कांदा मातीमोल विकला गेल्यानें जो शेतकरी रात्रभर छताकडे पाहत राहतो, उसांत बिबट्या दिसल्यापासून ज्या पोराचा थरकांप जात नाहीं, त्यांनीं कोणतें पाप केलें आहे? त्यांस क्षमेची नव्हे, उपचाराची गरज आहे. आम्ही धर्मगुरु त्यांच्यासाठीं प्रार्थना करूं, त्यांच्या घरीं जाऊं. परंतु वैद्याची जागा आम्ही घेऊं नये, आणि आपणही ती आम्हांस देऊं नये.

ह्या महोत्सवाची आठवण म्हणून आपणांकडे चार गोष्टी मागतों. पहिली, दवाखान्यांत गेल्यावर केवळ डोकेदुखी सांगूं नका, मनांतलेंही सांगा. दुसरी, ग्रामसभेंत उभे राहा, आणि आपल्या केंद्रांत ठरलेल्या वारीं समुपदेशक यावा व औषधें मिळावीं अशी मागणी करा. तिसरी, आशाताईस अथवा शेजाऱ्यास कोणीं मन उघडें करून सांगितलें, तर तें पाण्याच्या टांकीवर नेऊं नका. गुप्तता मोडली, तर पुढचा मनुष्य तोंड उघडणार नाहीं. चौथी, जो मरणाची भाषा बोलतो त्यास एकटें सोडूं नका. फवारणीचीं औषधें कुलपांत ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या, आणि दवाखाना गांठा. १० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची 'टेलिमानस' सेवा चालू आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर मराठींत बोलतां येतें, आणि त्यास पैसे पडत नाहींत.

चांगल्या शोमरोन्यानें वाटेवरील जखमीस तेल लावून तेथेंच सोडिलें नाहीं. त्यास धर्मशाळेंत पोंचविलें, आणि अधिक खर्च झाल्यास परत येतांना तो फेडण्याचें वचन दिलें. आपल्या वाटेवर पडलेल्याची जखम दिसत नाहीं, एवढाच फरक. ती ओळखण्याची दृष्टि व त्यास दवाखान्यापर्यंत सोबत करण्याचें धैर्य परमेश्वर आपणां सर्वांस देवो, आणि दुःखितांची माता पवित्र मरिया आपणांसाठीं विनंती करो. आमेन.