ट्रंपेटची वाट, पुस्तकाची वाट



विषय तुमच्या मनाने ठरवा, असे या व्याख्यानमालेच्या संयोजकांनी सांगितले आणि मी 'अमेरिकेतले काळे कलावंत आणि आपण' असे कळवले. फोनवर क्षणभर शांतता. मग विचारणा झाली, "सर, आपल्या चिंताकी गावाचा आणि त्यांचा काय संबंध?" प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर जवळून सुरू करतो. आपल्या बिदरला हबशी कोट नावाची टेकडी आहे. समुद्रापलीकडून, आफ्रिकेतून आलेले हबशी सरदार बहमनी दरबारात मानाने वावरले, त्यांच्यापैकी काहींची थडगी तिथे आहेत. इथिओपियात जन्मलेला आणि लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा वजीर झाला. त्याने वसवलेल्या खडकीचे पुढे औरंगाबाद झाले. १६२६ साली तो वारला, खुलदाबादला त्याची कबर आहे. दख्खनच्या मातीला काळा माणूस नवा नाही.

अमेरिकेतला काळा माणूस मात्र आपल्याकडे उशिरा आला आणि दोन वाटांनी आला. एक पुस्तकाची वाट, दुसरी ट्रंपेटची. या दोन वाटांची आपल्याकडे गाठ पडली नाही. आज मला त्याबद्दलच बोलायचे आहे.

पुस्तकाची वाट जोतीराव फुल्यांनी घातली. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' छापली आणि ती अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, कारण तिथल्या सदाचारी लोकांनी गुलामांना दास्यातून सोडवले होते. तिथली गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा आठच वर्षे झाली होती. तार, आगबोट आणि मिशनऱ्यांची पुस्तके एवढ्यावर पुण्यातला एक माणूस जगाच्या दुसऱ्या टोकाशी नाते जोडतो, ही गोष्ट मला अजूनही थक्क करते. पुढे बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात शिकले. काळ्यांची वस्ती असलेले हार्लेम तिथून पायी जाण्याच्या अंतरावर. १९४६ साली त्यांनी काळ्यांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहिले आणि काळ्यांच्या संघटनेने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली. दु बॉइस यांचे उत्तरही आले.

त्यानंतरची मंडळी आपल्या मराठवाड्यात काम करणारी. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात अमेरिकेत शिकून आलेल्या म. ना. वानखेडे यांनी काळ्यांच्या साहित्याची चर्चा सुरू केली. गंगाधर पानतावण्यांच्या 'अस्मितादर्श'ने ती घरोघर नेली. आणि लातूर जिल्ह्यातले जनार्दन वाघमारे यांनी 'अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती' हे पुस्तक लिहिले. १९५६ पर्यंत उदगीर आणि आपला औराद तालुका एकाच बिदर जिल्ह्यात होते. राज्ये वेगळी झाली, तरी आमच्याकडची पोरे मराठीतून शिकायला उदगीरलाच जात राहिली. मीही गेलो. वाघमारे सरांचे पुस्तक मला तिथे मिळाले आणि त्यातून मी रिचर्ड राइट या काळ्या लेखकापर्यंत पोचलो.

राइटच्या आत्मकथेतला एक प्रसंग इथे बसलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने ऐकावा. मेम्फिस शहरात काळ्या माणसाला ग्रंथालयातून पुस्तक मिळत नसे. राइटने कामावरच्या एका गोऱ्या माणसाचे कार्ड मागून घेतले, त्याच्याच नावाने एक चिठ्ठी लिहिली आणि साहेबाने पाठवलेला पोऱ्या असल्यासारखा तो खिडकीपाशी उभा राहिला. चिठ्ठीत स्वतःच्या जातीबद्दल गोरा माणूस वापरेल तोच अपमानाचा शब्द त्याने घातला, म्हणजे संशय यायला नको. पुस्तक वाचायला मिळावे म्हणून स्वतःच्या हाताने स्वतःला शिवी लिहायची! तो प्रसंग वाचून मी ग्रंथालयातून उठलो आणि त्या दिवशी पुढे काही वाचू शकलो नाही.

याच वाटेवर १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. तिचे नाव ओकलंडला १९६६ साली निघालेल्या ब्लॅक पँथर पक्षावरून घेतलेले. ढसाळ, ढाले, ज. वि. पवार ही नावे तुम्हाला पाठ आहेत, तेव्हा मी तिथे रेंगाळत नाही.

आता दुसरी वाट. १९३५ साली लिऑन ॲबी नावाचा काळा व्हायोलिनवादक आपला वाद्यवृंद घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. पाठोपाठ ट्रंपेटवाला क्रिकेट स्मिथ, पियानोवाला टेडी वेदरफर्ड. अमेरिकेत ज्यांना मागच्या दाराने हॉटेलात शिरावे लागे, ते इथे मुख्य दालनात वाजवत होते. अर्थात समोर बसलेले श्रोते साहेब आणि संस्थानिक. पण त्यांच्याच आसपास गोव्याचे वादक होते, पोटासाठी मुंबईत आलेले. त्यांनी कान टवकारले. त्यांच्यातला एक हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ. लोक त्याला चिक चॉकलेट म्हणत आणि त्याचे वाजवणे ऐकून, न्यू ऑर्लीन्सच्या थोर काळ्या ट्रंपेटवादकावरून, हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँगही म्हणत. पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, त्याला आपल्या वादकांत घेतले. १९५१ साली त्यांच्या संगीताचा 'अलबेला' हा सिनेमा आला.

'अलबेला' आमच्या भागात पुढे कित्येक वर्षे टूरिंग टॉकीजमध्ये लागायचा. भगवानदादा नाचायला लागले की पडद्यावर चिल्लर उडायची. परळच्या गिरणी कामगाराचा हा मुलगा खांदे हलके हलवत, दोन पावले पुढे, एक मागे असा नाचायचा. तुम्हाला वेळ मिळाला तर तो सिनेमा पुन्हा बघा आणि या वेळी भगवानदादांच्या मागे बघा. चिक चॉकलेट आणि त्याचे साथीदार पडद्यावर दिसतात. ट्रंपेट कसे धरले आहे, स्वर आखडून मध्येच कसा सोडला आहे, ते ऐका. तो स्वर न्यू ऑर्लीन्सच्या गल्ल्यांतून निघालेला आहे.

आणि तो पडद्यावर थांबला नाही. औराद, भालकी, उदगीर, देगलूर या पट्ट्यात वरातीपुढे बँड लावतात. त्या बँडमध्ये ट्रंपेट आणि क्लॅरिनेट धरणारे हात बहुतेक मांग-होलार समाजातले आहेत. त्यांनी 'अलबेला'तली गाणी नुसती ऐकून बसवली. म्हणजे बघा, न्यू ऑर्लीन्सहून ताज, ताजहून गोव्याची माणसे, त्यांच्याकडून सी. रामचंद्र, आणि तिथून आपल्या वेशीबाहेरच्या वस्तीतला वाजंत्री. आर्मस्ट्राँग लहानपणी ज्या बँडांच्या मागे धावायचा ते बँड मिरवणुकीत वाजत तसे प्रेतयात्रेतही वाजत. आपल्याकडे हलगी दोन्हीकडे वाजते.

त्याच वस्तीत एखादा पोरगा कंदिलाच्या उजेडात रिचर्ड राइटबद्दल वाचत होता, आणि शेजारच्या घरात त्याचा चुलता त्याच राइटच्या भाऊबंदांचा स्वर ट्रंपेटवर घासत होता. दोघांना एकमेकांची खबर नव्हती. पोराला चुलत्याचे वाजवणे म्हणजे पोटाचा धंदा वाटे, थोडा लाजेचाही. आमच्या चळवळीने काळ्यांचा संताप घेतला, त्यांचे गाणे घेतले नाही. सिनेमाने त्यांचे गाणे घेतले आणि नाव घेतले नाही. माझी तक्रार दोघांकडेही आहे. पण पुस्तकवाल्यांकडे जास्त आहे, कारण मी त्यांच्यातला आहे आणि त्यांना हे दिसायला हवे होते.

करमणूक करणारा माणूस विचार करत नाही, अशी आपली एक समजूत आहे. आर्मस्ट्राँगवर त्याच्याच लोकांनी आरोप केला की हा गोऱ्यांपुढे दात काढतो, रुमालाने घाम पुसतो आणि गप्प बसतो. १९५७ साली लिटल रॉक शहरात नऊ काळी मुले गोऱ्यांच्या शाळेत जायला निघाली आणि राज्यपालाने त्यांना अडवायला शिपाई उभे केले. तेव्हा आर्मस्ट्राँगने राष्ट्राध्यक्षाला जाहीरपणे सुनावले आणि सरकारतर्फे ठरत असलेला रशियाचा दौरा नाकारला. हसऱ्या माणसाचे हे बोलणे अमेरिकेला झोंबले.

पॉल रोबसनने तर सगळेच पणाला लावले. बाप जन्माने गुलाम. मुलगा कोलंबियातून कायदा शिकला, गायक झाला, नट झाला. आपल्या लोकांच्या हक्कांबद्दल आणि रशियाबद्दल बोलला म्हणून १९५० साली त्याचा पासपोर्ट काढून घेतला गेला. आठ वर्षे पासपोर्ट नाही. १९५७ साली लंडनच्या सभागृहात लोक तिकिटे काढून बसले आणि रोबसन न्यूयॉर्कहून टेलिफोनच्या तारेतून गायला. मंचावर माणूस नाही, फक्त आवाज. पुढच्याच वर्षी त्याचा साठावा वाढदिवस भारतात साजरा झाला. अमेरिकी सरकारला ते रुचले नाही, तरी मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती छागला तो साजरा करणाऱ्या समितीच्या प्रमुखपदी राहिले. त्याबद्दल मला छागलांचा अभिमान वाटतो.

बायकांच्या वाट्याला याहून कठीण आले. ब्लूज गाणारी बेसी स्मिथ, लोक तिला सम्राज्ञी म्हणत. १९३७ साली मोटार अपघातात ती गेली. हजारोंनी तिची अंत्ययात्रा काढली, पण कबरीवर दगड बसायला १९७० साल उजाडले. आपली विठाबाई नारायणगावकर तमाशासम्राज्ञी. फडावर असताना कळा सुरू झाल्या, कनातीमागे बाळंत झाली, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभी राहिली. तिला राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला. २००२ साली ती गेली तेव्हा दवाखान्याच्या बिलासाठी लोकांना हात पसरावे लागले. आज तिच्या नावाने सरकार दरवर्षी पुरस्कार देते. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत मी तमाशाच्या कनातीमागे गेलो आहे. एक बाई पायांतले चाळ सोडत होती. घोट्याभोवती वळ उठले होते, त्यांवर ती खोबरेल चोळत होती आणि शेजारच्या पोराच्या वहीतली गणिते तोंडाने तपासत होती. पुढे लोक शिट्ट्या वाजवत होते.

करमणूक आणि विचार एकत्र आलेली एक जागा मात्र आपल्याकडे होती आणि ती आपणच विसरलो, ती म्हणजे जलसा. भीमराव कर्डकांनी जलशातून बाबासाहेबांचा विचार गावोगाव नेला. वामनदादा कर्डकांनी आयुष्यभर एकतारी, हार्मोनियम घेऊन तेच केले. अण्णाभाऊ साठ्यांनी एका हाताने कादंबरी लिहिली, दुसऱ्या हाताने डफ धरला. त्यांच्या घरी करमणूक आणि विचार यांच्यात भिंत नव्हती. जलशाची हीच रग मला आजच्या रॅपमध्ये ऐकू येते. १९७३ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये गरीब पोरांच्या मेळाव्यांतून ते सुरू झाले. आज मुंबईचा एमसी मवाली मराठीत रॅप करतो. आरेच्या जंगलासाठी आणि वारल्यांच्या जमिनीसाठी त्याच्या स्वदेसी गटाने २०१९ साली गाणे केले. मागे उभ्या असलेल्या मुलांच्या मोबाइलमध्ये ते सापडेल. ज्येष्ठांनी ते एकदा मागून घ्यावे आणि शेवटपर्यंत ऐकावे.

संयोजकांना एक विनंती करतो आणि थांबतो. पुढच्या वर्षी या मालेतले एक पुष्प आपल्या भागातल्या एखाद्या जुन्या बँडवाल्याला द्या. कुणाकडून शिकला, 'अलबेला' कसा बसवला, वरातीत जेवायला कुठे बसवले जायचे, हे त्याला बोलू द्या, कुणीतरी लिहून घ्या, आणि मग त्याला वाजवू द्या. खुर्ची हीच द्या आणि मानधनाचे पाकीट मला दिलेत तेवढ्याच रकमेचे असू द्या.