रोशाचे तेल आणि तांब्याचे वेटोळे



खानदेशात रोशा गवताच्या भट्ट्या पूर्वी ओढ्याकाठीच लागत. वाफ बांबूच्या नळीतून तांब्याच्या भांड्यात यायची, आणि ते भांडे वाहत्या पाण्यात बुडवलेले असायचे. आता धरणगावात दाराशी ओढा कुठून आणायचा? त्यापेक्षा तांब्याच्या नळीचे वेटोळे करून पिंपात बसवावे.

नळी भाजून मऊ करा, कोरडी बारीक वाळू ठासून भरा, मग ओंडक्याभोवती गुंडाळा. म्हणजे ती चेपत नाही. वाळू मात्र पार झटकून काढा आणि फुंकून पाहा! नळी तुंबली की वाफ कोंडते, झाकण उडते, माणूस भाजतो. वेटोळे वरपासून खालपर्यंत उतरतेच हवे.

गार पाणी पिंपाच्या तळाशी सोडा, ऊन झालेले वरून काढा. लिटरभर पाणी वाफेतून गळायला सुमारे ५४० किलोकॅलरी उष्णता काढावी लागते. पिंपातले पाणी २५ अंशांनी तापू दिले, तरी पंचविसेक लिटर लागते. रोशा कापतात पावसाळ्यानंतर, तेव्हा विहिरीला पाणी असते खरे. म्हणून काय ओतून द्यायचे? हौदात रात्रभर निवू द्या, सकाळी परत वापरा.

गळणारी धार हाताला गरम लागली, तर तेल उडून चालले समजा. गार असेल तर ते पाण्यावर तरंगेल. अलगद काढून घ्या.