पश्चिमेची खिडकी



वसंत व्याख्यानमालेत वेदान्त, साहित्य, राजकारण असे भारदस्त विषय येतात. त्यांच्या पंगतीत मी खिडकी आणून बसवतो आहे. वेदान्ताला ऊन लागत नाही, आपल्याला लागते.

जवाहरनगरसारख्या कारखान्याच्या वसाहतीत घर आपण बांधलेले नसते, ते वाट्याला आलेले असते. रस्ता आखला जातो, रस्त्याला धरून घरांच्या ओळी उभ्या राहतात, आणि कुणाच्या तरी निजायच्या खोलीला पश्चिम येते. रात्रपाळी करून आलेला माणूस त्याच खोलीत दुपारी डोळा लावू पाहतो. म्हणून हा विषय मी संघटनेचा मानतो.

आधी सूर्याचा मार्ग पाहू. भंडाऱ्याचा अक्षांश सुमारे २१ अंश. मेच्या अखेरीस भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीला लहानसा छज्जाही पुरतो. पश्चिमेचे तसे नाही. मेच्या मध्यास सायंकाळी ५ वाजता सूर्य क्षितिजापासून सुमारे २० अंशांवर असतो. गणित करून पाहा: २ फूट पुढे आलेल्या छज्ज्याची सावली त्या वेळी जेमतेम पाऊण फूट उतरते. ४ फुटांच्या खिडकीचे सव्वातीन फूट उघडेच राहिले! शिवाय उन्हाळ्यात सूर्य उत्तरेकडे सरकून मावळतो, तेव्हा उत्तरेच्या खिडकीवर विसंबणाराही संध्याकाळी फसतो.

यावर आपण काय करतो? आतून पडदा लावतो. चोर घरात शिरल्यावर दाराला कडी घालावी तसेच हे. काच उन्हाला आत येऊ देते. त्याने पडदा तापतो, आणि तापलेल्या पडद्याची उष्णता मात्र काचेतून सहजी परत जात नाही. पडद्याने भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर वाचते, पुस्तकांच्या पाठी वाचतात, हे कबूल. रंग एका दिवसात उडत नाही. रोजचा थोडाथोडा प्रकाश हिशेबात जमा होत जातो आणि काही उन्हाळ्यांनी लग्नातला फोटो ओळखू येत नाही. पण खोली पडद्याने थंड होत नाही. ऊन काचेच्या बाहेरच अडवले पाहिजे.

त्याला बुरडाकडून विणून घेतलेली बांबूची ताटी पुरते. ती काचेपासून वीतभर दूर टांगावी, म्हणजे मधली तापलेली हवा वर निघून जाते. दोन्ही कडांना ती खिडकीपेक्षा हातभर रुंद हवी, नाहीतर तिरपे ऊन बाजूने शिरते. वाळ्याची ताटी ओली ठेवली तर आपल्या कोरड्या मे महिन्यात गारवाही मिळतो. मात्र हवा बाहेर जायला समोरची खिडकी उघडी ठेवावी. मृग लागल्यावर तिचा उपयोग नाही. छताजवळचा झरोका सर्वांत अडचणीचा. तिथे हात पोचत नाही, म्हणून लोक वर्तमानपत्र चिकटवतात आणि अंधारात बसतात. त्याऐवजी तावदानाला बाहेरून सफेतीचा पातळ हात द्यावा. उजेड येतो, झळ कमी होते, आणि पावसाळ्यात तो धुऊन काढता येतो.

हे सारे आपल्या खिशातले उपाय झाले. अहमदाबादेत १९५४ साली गिरणीमालक संघाची इमारत पुरी झाली. ल कॉर्बुझिए या नामांकित वास्तुकाराने तिच्या पश्चिम अंगाला काँक्रीटच्या खोल, तिरप्या, उभ्या फळ्या दिल्या: ऊन अडावे, वारा यावा. मालकांच्या कचेरीला पश्चिमेचे ऊन लागते हे तेव्हाच कळले होते! १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तेराव्या कलमात कारखान्याच्या भिंती व छप्पर असे असावे की आतले तापमान शक्य तितके कमी राहील, असे लिहिले गेले. कामगाराच्या घराची खिडकी त्या कलमात नव्हती.

तेव्हा कोणत्याही वसाहतीच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक निघाले की रंगसफेतीच्या आधी पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून झडपा मागा, आणि त्यातही जिथे रात्रपाळीचा माणूस दिवसा झोपतो ती खोली पहिली. कोण कुठल्या खोलीत झोपतो, याची नोंद कुठल्याच दप्तरात नाही. ती घरच्या बायकांना तोंडपाठ आहे. प्रत्येक ओळीतल्या एका घराने ती लिहून काढायची म्हटली, तर दोन संध्याकाळींचे काम आहे.