कौलांमधल्या पाकोळ्या
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला सांगितले, "तू इंजिनिअर आहेस, तर काहीतरी कॉम्प्युटरवर बोल." पण मी आज शाळेच्या पाकोळ्यांवर बोलणार आहे. दिवेलागणीला जुन्या इमारतीच्या कौलांतून बाहेर पडून मैदानावर भिरभिरणारी ती छोटी वटवाघळे तुम्हाला आठवत असतील. आपण जमवलेल्या निधीतून आता ते छप्पर दुरुस्त होणार आहे. म्हणून हा विषय आजच काढते.

मिट्ट काळोखात ही पाकोळी उडता चिलट पकडते कशी? 1793 मध्ये इटलीत स्पालांझानी यांना दिसले की डोळ्यांनी दिसेनासे केले तरी वटवाघूळ कुठे न धडकता उडते. लगेच पुढच्या वर्षी जिनिव्हाच्या ज्युरिन यांनी त्यांचे कान बंद केले, तेव्हा मात्र ती आपटू लागली. कानांनी वाट दिसते म्हणजे काय, हे कोडे सुटायला आणखी जवळपास दीडशे वर्षे गेली. 1938 मध्ये अमेरिकेत डोनाल्ड ग्रिफिन या विद्यार्थ्याने माणसाला ऐकू न येणारा आवाज टिपणाऱ्या यंत्रासमोर वटवाघळे धरली आणि यंत्र बोलू लागले. 1944 मध्ये त्यांनीच या विद्येला 'इकोलोकेशन' हे नाव दिले.

सातपाटीच्या बोटीवर मासळीचा थवा दाखवणारे यंत्र असते. ते पाण्यात आवाज सोडते आणि प्रतिध्वनीवरून मासे किती खोल आहेत ते सांगते. पाकोळी हेच हवेत करते. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. किडा 1.7 मीटरवर असेल तर प्रतिध्वनी सेकंदाच्या शंभराव्या भागात परत येतो. या वेळावरून अंतर कळते आणि दोन कानांना ऐकू येण्यातल्या फरकावरून दिशा.

आपल्याला फार तर 20 किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, पाकोळीची हाक त्याच्या वरची. 50 किलोहर्ट्झच्या आवाजाची लांबी जेमतेम 7 मिलिमीटर असते, म्हणून एवढ्याशा किड्यावरूनही तो परततो. पण इतका बारीक आवाज हवेत लवकर विरतो. त्यामुळे छोटा किडा काही मीटरवर आल्याशिवाय 'दिसत' नाही, आणि तेवढ्यात सगळा हिशेब उरकावा लागतो. शोधताना ती सेकंदाला दहाएक हाका देते. भक्ष्य जवळ आले की प्रतिध्वनी लवकर परततो, मग पुढची हाकही लवकर देता येते. शेवटच्या क्षणी हा वेग सेकंदाला दीडशे-दोनशेवर जातो. स्वतःच्याच हाकेने कान बधिर होऊ नयेत म्हणून हाक देताना कानातला एक बारीक स्नायू आवळला जातो. इतकी वर्षे प्रोग्रॅम लिहिते आहे, पण एवढ्याशा डोक्यात बसलेले इतके नेटके काम मी पाहिलेले नाही.

भक्ष्यही गप्प बसत नाही. काही पतंगांना ही हाक ऐकू येते आणि ते पंख मिटून खाली कोसळतात. काही जातींचे पतंग उलट स्वतःच टिकटिक करून पाकोळीचा हिशेब बिघडवतात.

आपल्या डहाणू-घोलवडच्या वाड्यांतले चिकू खाणारे मोठे वटवाघूळ मात्र वेगळे. ते डोळ्यांनी आणि वासाने फळ शोधते, प्रतिध्वनीने नाही. चिकूचा राग पाकोळीवर काढू नये. ती फक्त किडे खाते, आणि त्यांत डास व पिकांवरचे पतंगही आले.

आता मुद्द्यावर येते. दुरुस्तीच्या चर्चेत "धूर करू", "भोके सिमेंटने बुजवू" असे ऐकले. अंगावर पिल्ले पिणाऱ्या माद्या चरायला बाहेर गेल्या असताना भोके बुजवली, तर आत पिल्ले उपाशी मरतील. वर्गाच्या डोक्यावर ती कुजतील, ते वेगळेच. माझी विनंती तीन गोष्टींची आहे. कौले उतरवण्याआधी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीसारख्या संस्थेतल्या जाणकाराला एकदा छप्पर दाखवावे. पिल्ले उडू लागल्यावरच, आणि पाकोळ्या स्वतः बाहेर पडल्याची खात्री करून काम सुरू करावे. नव्या छपराच्या कडेला, वर्गांपासून दूर, लाकडी फळ्यांची अरुंद सापट त्यांच्यासाठी ठेवावी. त्या फळ्यांचा खर्च मी देते.

मुलांच्या आरोग्याची काळजी मलाही आहे. पाकोळीला उघड्या हाताने कोणी धरू नये, तिच्या चाव्यातून रेबीजचा धोका असतो. विष्ठा कोरडी झाडू नये. तोंडाला मास्क लावून, पाणी मारून मगच काढावी. एवढे पाळले तर शाळेत दोघांनाही जागा आहे.

सर, बाई, निरीक्षणाची वही ठेवायला तुम्हीच आम्हाला शिकवलेत. आताच्या मुलांना संध्याकाळी मैदानावर बसवून पाकोळ्या मोजायला सांगा. विज्ञानाचा असा तास फुकट मिळतो आहे, तो आपल्या देणगीमुळे बंद पडू नये.